उतारावरची वीज

पळसदरीहून खंडाळ्याकडे निघालेला रेल्वेमार्ग जिथे सर्वांत खडा आहे, तिथे तो दर ३७ फुटांमागे एक फूट वर चढतो. रस्त्याच्या मानाने हा चढ किरकोळ आहे. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावते, आणि सपाटीवर रेल्वेला स्वस्त करणारा हाच गुळगुळीतपणा घाटात तिच्या मुळावर येतो. ५०० टनांची गाडी या चढावर उभी केली, तर तिला मागे खेचणारी ओढ साडेतेरा टनांची भरते. चढताना इंजिनाला ही ओढ तोडावी लागते आणि उतरताना ब्रेकला ती पेलावी लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या आधीपासूनच कंपनीची नजर सह्याद्रीवर होती. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायचा तर घाट ओलांडण्याला पर्याय नव्हता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी पुण्याच्या वाटेवर बोरघाट आणि नाशिकच्या वाटेवर थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट, निवडला. बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात ५५८ मीटरची चढण, २५ बोगदे आणि ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर असा त्याचा पसारा होता. पटकीने मजुरांच्या वस्त्यांमध्ये हाहाकार माजवला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन काम पुढे नेले. थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तिथेही सर्वांत खडा चढ ३७ला एकच होता.

हे बांधकाम पराक्रमाचे होते, यात शंका नाही. पण घाटात रोज गाड्या चालवणाऱ्यांना चढापेक्षा उतार अधिक धास्तीचा होता. चढताना इंजिन दमले तर गाडी उशिरा पोचते. उतरताना गाडी हाताबाहेर गेली, तर पुढच्या वळणावर दरी असते. सुरुवातीच्या काळात इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकदम लागणारे ब्रेक नव्हतेच. ब्रेकच्या डब्यांतली माणसे इंजिनाची शिटी ऐकून हाताने चाक फिरवत आणि लोखंडी ठोकळे चाकांवर आवळत. पुढे निर्वात नळीवर चालणारे ब्रेक आले, तरी मुळातले घासणे तसेच राहिले.

म्हणून घाटात जागोजागी ‘कॅच सायडिंग’ ठेवावी लागली. मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा आणि पुढे संपणारा हा फाटा असतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच वळवलेला असे. उतरणारी गाडी आधी थांबली पाहिजे आणि ती ताब्यात आहे याची खात्री पटली पाहिजे, मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरे. सुसाट सुटलेली गाडी आपोआप चढावर जाई आणि तिथे तिचा वेग मरे. खंडाळ्याजवळ तर ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. डोंगरात वळणाला जागा नसल्यामुळे गाडी एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघे. उतारावर गाडी आवरली नाही, तर या स्थानकापुढे रूळ नव्हते.

उतरणाऱ्या गाडीत नेमके काय साठलेले असते, हे आकड्यांत पाहिले म्हणजे ब्रेकवरचा भार समजतो. ५०० टनांचे वजन ५५८ मीटर उंचीवर नेले की त्यात सुमारे ७६० युनिट ऊर्जा साठते. इथे युनिट म्हणजे घरच्या वीजबिलावरचेच युनिट. हवेचा आणि चाकांचा अवरोध यातला थोडा भाग खातो, बाकीचे सगळे ब्रेकच्या वाट्याला येते. ही गाडी सर्वांत खड्या उतारावर ताशी ३० किलोमीटर वेगाने रोखून धरायची, तर ब्रेकना जवळजवळ हजार किलोवॅट शोषावे लागतात. कपड्यांच्या हजार इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवल्या तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ठोकळे आणि चाके यांच्यामध्ये निघत राहते, आणि तीही पाऊण-एक तास. ठोकळे झिजतात, तापलेल्या लोखंडाची पकड कमी होते, चाकावर चढवलेली पोलादी धाव तापून सैल पडण्याची भीती असते. चढताना कोळसा जाळून मिळवलेली उंची उतरताना अशी धगीच्या रूपाने वाऱ्यावर जात होती.

ही ऊर्जा परत मिळवण्याची कल्पना विजेच्या मोटरीबरोबरच जन्माला आली म्हटले तरी चालेल. तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरवला की वीज निर्माण होते आणि त्याच वेटोळ्यात वीज सोडली की ते फिरू लागते. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झेनोब ग्राम यांचे एक जनित्र दुसऱ्या जनित्राच्या विजेवर मोटरीसारखे फिरवून दाखवण्यात आले, तेव्हा यंत्र एकच आणि कामे दोन ही गोष्ट सर्वांसमोर आली. मोटर चाकाला फिरवते ती वीज खाऊन. चाकच मोटरीला फिरवू लागले, तर मोटर वीज बाहेर टाकते, आणि ती टाकताना चाकाला मागे ओढते. हे मागे ओढणे म्हणजेच ब्रेक. त्यात घासणारे काहीच नसते.

अमेरिकेत फ्रँक स्प्रेग यांनी १८८०च्या दशकातच हा गुण रेल्वे आणि उद्वाहनांसाठी वापरण्याचे प्रयत्न केले. पॅरिसमध्ये लुई क्रीगर यांनी १८९०च्या दशकात विजेच्या मोटारगाड्या काढल्या. त्यांच्या पुढच्या चाकांवरच्या मोटरी ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत भरत. इंग्लंडमध्ये जॉन रॉवर्थ यांची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक शहरांच्या ट्रामगाड्यांना बसवली गेली. तिचा शेवट मात्र वाईट झाला. १९११ मध्ये रॉटेनस्टॉल इथे उतारावर ट्राम हाताबाहेर गेली आणि सरकारी चौकशीनंतर ब्रिटनमध्ये ही पद्धत मागे पडली. या ब्रेकबद्दलच्या भीतीचे कारण असे. वीज घ्यायला पलीकडे कोणी नसेल किंवा वरची तारच सुटली, तर ब्रेकही त्याच क्षणी सुटतो. म्हणून घासणारे ब्रेक आजही कोणी काढून टाकलेले नाहीत.

डोंगरी रेल्वेने मात्र ही कल्पना सोडली नाही. हंगेरीचे काल्मान कांडो यांनी तीन फेजच्या विजेवर चालणारी इंजिने घडवली, आणि १९१० पासून ती जेनोवाजवळच्या जोव्ही घाटात धावू लागली. तिथला चढ हजाराला ३५, म्हणजे बोरघाटाहूनही खडा होता. तीन फेजच्या मोटरीत एक फिरते चुंबकीय क्षेत्र असते. चाक त्या क्षेत्रापेक्षा मागे असेल तर मोटर ओढते, पुढे गेले तर तीच वीज परत करू लागते. त्यासाठी चालकाला वेगळे काही करावे लागत नाही, उतार लागला की मोटर आपोआप गाडी धरून ठेवते. उणीव एवढीच, की ही इंजिने ठरावीक दोन-तीन वेगांनीच चालत आणि त्यांना डोक्यावर एकाऐवजी दोन तारा लागत. पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडला कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा तिथल्या रेल्वेने गॉटहार्ड मार्गाचे विद्युतीकरण हाती घेतले आणि त्यासाठी लांब नाकाची, मगरीसारखी दिसणारी इंजिने तयार करवून घेतली. तीही उतरताना वीज परत करत. अमेरिकेत मिलवॉकी रेल्वेने १९१५ पासून रॉकी पर्वतात ३००० व्होल्टच्या डीसी विजेवर गाड्या चालवल्या. डीसी मोटरींकडूनही हे काम घाटात भरवशाने करून घेता येते, याचा तो मोठा दाखला होता.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला धावली. वीज १५०० व्होल्टची, डीसी. उपनगरातल्या गाड्या हे तिचे पहिले काम असले, तरी कंपनीला खरी निकड घाटाची होती. गाड्या जड होत चालल्या होत्या. एका गाडीला पुढे-मागे मिळून अनेक वाफेची इंजिने लावूनही वेग मिळत नव्हता, आणि रिव्हर्सिंग स्टेशनमध्ये प्रत्येक गाडीचा खोळंबा ठरलेला. बोरघाटात नवे बोगदे खणून मार्ग वळवला गेला आणि १९२९ मध्ये ते स्थानक इतिहासजमा झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कल्याण–पुणे मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पुढच्या वर्षी विजेचे जाळे इगतपुरीपर्यंत पोचले. १ जून १९३० रोजी निघालेली दख्खनची राणी याच विद्युतीकरणाचे अपत्य.

तिच्या कौतुकात मालगाड्यांची इंजिने झाकली गेली, आणि ते बरे झाले नाही, कारण घाटातले खरे नवल त्यांच्यात होते. कंपनीने त्यांना ‘ईएफ/१’ असे नाव दिले, पुढे त्यांचे ‘डब्ल्यूसीजी-१’ झाले. एकूण ४१ इंजिने घेतली गेली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात आणि बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. गॉटहार्डच्या मगरीशी त्यांचे नाते पाहताक्षणी कळे. दोन्ही टोकांना लांब उतरती नाके, खाली सहा-सहा चाकांचे दोन गाडे आणि वाफेच्या इंजिनासारखे चाकांना जोडणारे जाड दांडे. ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. उभे असताना आतल्या यंत्रांमुळे इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालताना डुलत जाई. रेल्वेच्या माणसांनी त्याचे नाव ठेवले ‘खेकडा’.

हा खेकडा उतरताना काय करी, हे समजण्यासाठी डीसी मोटरीत थोडे डोकवावे लागते. रेल्वेच्या त्या काळच्या मोटरीत फिरणारे आर्मेचर आणि त्याभोवतीच्या चुंबकांची वेटोळी एकामागे एक जोडलेली असत. एकच प्रवाह दोन्हींतून जाई. जड गाडी जागेवरून हलवताना प्रवाह मोठा, म्हणून चुंबकही जबर, म्हणून ओढही जबर, असा तिचा फायदा. पण हीच मोटर जनित्र झाली की तिचा गुण दोष ठरतो. प्रवाह जरा वाढला की चुंबक बलवान होतो, त्यामुळे निर्माण होणारा दाब वाढतो आणि त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. ही साखळी कुठेच थांबत नाही. गाडीला हिसका बसेल, नाहीतर मोटर जळेल.

यावरचा उपाय साधा आणि देखणा आहे. उतार लागला की चुंबकांची वेटोळी आर्मेचरपासून तोडायची आणि त्यांना वेगळ्या लहान जनित्राचा प्रवाह द्यायचा. आता चुंबकाचे बळ चालकाच्या हातात आले. तो हँडल एकेक खाच पुढे सरकवतो तसा चुंबक बलवान होतो आणि मोटरींचा दाब चढतो. तो वरच्या तारेच्या १५०० व्होल्टच्या खाली असेपर्यंत वीज तारेतून मोटरीकडे येऊ पाहते. दाब वर गेला की प्रवाहाची दिशा उलटते. चालकासमोरच्या अँमीटरची सुई शून्यावर येते आणि शून्य ओलांडून पलीकडे सरकते. इंजिन आता तारेला वीज देत आहे. ठोकळे चाकांना टेकलेलेही नाहीत, तरी गाडी ठरल्या वेगाने उतरत राहते. वेग कमी झाला की मोटरींचा दाब घटतो. मग मोटरी एकमेकींना मालिकेत जोडून दाबांची बेरीज करतात. तरीही गाडी पूर्ण उभी करण्याइतका दाब उरत नाही आणि शेवटचा टप्पा घासणाऱ्या ब्रेकलाच करावा लागतो.

परत आलेली वीज जाई कुठे? तारेत विजेचा साठा करता येत नाही. त्याच क्षणी ती कोणीतरी वापरली पाहिजे. घाटात हा वापरणारा बहुधा समोरून चढणारी गाडी असे. ७६० युनिटांमधून अवरोध, दातेरी चाके, मोटर आणि तार यांची घट वजा केली, तर निम्म्याहून थोडी अधिक वीज हाती लागते. चढणाऱ्या तेवढ्याच गाडीला हजाराहून अधिक युनिटे लागतात. ढोबळ हिशेबाने दोन-अडीच गाड्या उतरल्या की एक गाडी वर जाते. खंडाळ्याहून उतरणारे वजन एखाद्या न दिसणाऱ्या दोराने कर्जतहून निघालेले वजन वर ओढत होते, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरत नाही. चढणारी गाडी जवळपास नसेल, तर प्रश्न उपकेंद्रावर येतो. त्या काळातले फिरते रूपांतरक उलटे चालून डीसीची एसी करू शकत आणि वीज मागे पाठवू शकत. नंतर आलेल्या पाऱ्याच्या रेक्टिफायरमधून वीज एकाच दिशेने जाई. उलट वाट हवी असेल तर वेगळी सोय करावी लागे. घेणारा कोणीच नसला, तर तारेचा दाब वाढत जाऊन इंजिनाचे संरक्षक स्विच उघडत आणि चालकाला ठोकळ्यांवर यावे लागे.

रेल्वेने ठाकुर्लीजवळ उल्हास नदीच्या काठी चोळा इथे स्वतःचे वीजघर उभारले होते. ते कोळशावर चाले, आणि कोळशाच्या खाणी फार दूर होत्या. घाटातून परतलेले प्रत्येक युनिट म्हणजे एवढ्या लांबून न आणावा लागलेला कोळसा. तरीही या ब्रेकचे मोल फक्त कोळशात मोजणे चुकीचे ठरेल. त्याची मोठी देणगी होती ती घाटाच्या पायथ्याशी पोचलेल्या गाडीची थंड चाके. अख्खा उतार मोटरींनी पेलला, म्हणजे घासणारे ब्रेक न तापता, न झिजता संकटासाठी राखीव राहिले. घाटात काम करणाऱ्याला हा फरक वीजबिलापेक्षा कितीतरी मोठा वाटला असणार.

खेकड्यांनी घाटात चार दशके काढली. नंतर चित्तरंजनच्या कारखान्यातली डब्ल्यूसीजी-२ इंजिने आली आणि जुन्यांकडे डबे हलवण्याची कामे राहिली. ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईच्या यार्डांत दिसत. त्यांतले ४५०२ क्रमांकाचे ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

देशात इतरत्र २५ हजार व्होल्टच्या एसी विजेचा प्रसार झाला, तेव्हा ही परंपरा काही काळ खंडित झाली. त्या काळच्या एसी इंजिनांत वीज तारेत परत पाठवण्याची सोय बसवणे अवघड होते. त्यांपैकी अनेकांत मोटरी ब्रेक लावताना वीज निर्माण करत खऱ्या, पण ती मोठ्या रोधांत सोडून जाळली जाई. ठोकळे वाचले, ऊर्जा मात्र पुन्हा वाऱ्यावर गेली.

वाट उघडली ती इलेक्ट्रॉनिक्सने. १९९०च्या दशकाच्या मध्यात भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीकडून तीन फेजच्या मोटरींची इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेतले. डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही त्यांची नावे. मोटर तीच, कांडोंनी जोव्ही घाटात चालवलेली. पण आता सेमीकंडक्टरचे स्विच हव्या त्या वारंवारितेची तीन फेजची वीज इंजिनातच तयार करतात. त्यामुळे ठरावीक वेगांची आणि दोन तारांची अडचण संपली. ब्रेक लावताना वारंवारिता चाकांच्या फिरण्यापेक्षा किंचित खाली आणली, की मोटर जनित्र होते आणि वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वरच्या तारेत जाते. मुंबईची डीसी २००६ पासून टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा तिचा शेवटचा तुकडाही एसी झाला. उपनगरी गाड्यांतही हे तंत्र २००७च्या सुमारास आले. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला घाटाची गरजच नाही. तिचा प्रत्येक थांबा हाच एक उतार आहे. घेतलेल्या विजेपैकी तीस टक्क्यांच्या आसपास वीज परत मिळते, असे रेल्वे सांगते.

रस्त्यावर ही कल्पना पुन्हा यायला चांगल्या बॅटरीची वाट पाहावी लागली. क्रीगर यांच्या गाड्यांनंतर पेट्रोलने विजेच्या मोटारींना बाजूला सारले. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसपासून ब्रेकची वीज पुन्हा सर्वसामान्य गाडीत आली. आज विजेवरच्या मोटारीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की गाडी मागे ओढल्यासारखी मंदावते, ते हेच.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या दीड टनाच्या मोटारीत उंचीमुळे साठलेली ऊर्जा दोन युनिटांच्या आसपास असते. तिचा बराचसा भाग बॅटरीत परत जाऊ शकतो. पण लोणावळ्यात रात्रभर चार्जिंगला लावून बॅटरी काठोकाठ भरली असेल, तर सकाळी घाटात ती वीज ठेवायला जागा नसते, आणि समोरून चढणाऱ्या मोटारीला ती द्यायला डोक्यावर तारही नसते. अशा वेळी गाडीचा संगणक मोटरीचा ब्रेक आखडता घेतो आणि चालकाला साधे ब्रेक वापरावे लागतात. म्हणून घाट उतरायचा असेल तर वरच्या गावात बॅटरी थोडी रिकामी ठेवतात.